डायपरवरून कापडी नॅपीवर येताना: आधी धुण्याचं ठरवा, मग खरेदी करा

कापडी नॅपी घेणारी बरीच घरं महिन्याभरात पुन्हा डायपरवर येतात. कारणं ठरलेली असतात. नॅपी गळते, कुबट वास जात नाही, बाळाचा पार्श्वभाग लाल होतो, पावसाळ्यात काही वाळत नाही. यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ धुण्यात आणि क्रमात असतं. आपण वीस नॅपी एकदम मागवतो, पाकीट फोडून तशाच बाळाला घालतो, पहिल्याच रात्री बारा तासांची परीक्षा घेतो आणि सकाळी म्हणतो की हे आपल्याला जमणारं नाही.

खालचा क्रम पाळला तर पूर्ण बदलाला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. घाई केल्यास वेळ वाचत नाही, पैसे मात्र वाया जातात.

## १. खरेदीआधी घरात तीन गोष्टी तपासा

पाणी जड आहे का? स्वच्छ बाटली अर्धी भरा. तीत अंघोळीच्या साध्या साबणाचा चिमूटभर किस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी हलकं. फेस येईना आणि पाणी दुधाळ झालं तर जड. या चाचणीला हँडवॉश किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो आणि फसगत होते. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो. आपल्याला अडचण असते ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची.

'आम्ही तेच पाणी पितो, मग धुवायला का चालणार नाही?' असा प्रश्न हमखास येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची (म्हणजे जडपणाची) स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यायोग्य पाणीही धुण्यासाठी चांगलंच जड असू शकतं. घाटावर बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये. सोसायटीत सकाळी नगरपालिकेचं आणि दुपारी बोअरचं पाणी येत असेल तर दोन्ही वेळा करा.

वाळवायला जागा किती? दोरीवर एका वेळी २० इन्सर्ट (नॅपीत घालायचे शोषक पट्टे) आणि ८ कव्हरं एकमेकांना न चिकटता मावली पाहिजेत. हवा न खेळणारी बाल्कनी असेल तर जाड इन्सर्ट घेऊच नका, उलगडून वाळणारं कापड घ्या.

धुणार कोण? मशीन, आपण स्वतः की धुण्याच्या मावशी? मावशी धुणार असतील तर पद्धत त्यांना प्रत्यक्ष दाखवावी लागेल. ब्रशने घासणं, दगडावर आपटणं आणि करकचून पिळणं या तीन सवयींनी महागडं कव्हर दोन महिन्यांत निकामी होतं.

## २. काय घ्यायचं आणि किती

कापडी नॅपीचे भाग मुळात दोन. ओल शोषणारं कापड आणि ओल बाहेर येऊ न देणारं कव्हर. बाजारातले सगळे प्रकार या दोघांच्या निरनिराळ्या जोडण्या आहेत.

लंगोट किंवा चौकोनी कापड. मलमल, जुनी सुती साडी, धोतर. एकेरी थर असल्याने झटपट धुतलं जातं आणि झटपट वाळतं. वर कव्हर घातलं की नव्या पद्धतीची नॅपी तयार.

पॉकेट. बाहेरून पीयूएलचं (पॉलियुरेथेनचा जलरोधक थर दिलेल्या कापडाचं) कव्हर, आतून कोरडा स्पर्श देणारं कापड, मध्ये खिसा. खिशात इन्सर्ट सरकवायचा. आजी-आजोबा आणि पाळणाघर यांच्यासाठी सर्वांत सोपी, कारण भरून ठेवली की डायपरसारखीच घालता येते.

ऑल-इन-वन. सगळं एकत्र शिवलेलं. घालायला सोपी, पण वाळायला सर्वांत हट्टी. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार करून ही टाळावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

फिटेड. पूर्ण नॅपीच शोषक कापडाची, वर वेगळं कव्हर. रात्रीसाठी उत्तम.

इन्सर्टचं कापड त्याहून महत्त्वाचं. मायक्रोफायबर ओल पटकन खेचतो, पण बाळ बसलं किंवा कारसीटचा पट्टा आवळला की स्पंज दाबल्यासारखी ती बाहेर सोडतो. सुती कापडाचा वेग मध्यम आणि ते भरवशाचं. बांबू व्हिस्कोज जास्त शोषतो, वाळायला वेळ घेतो. हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड) सर्वांत कमी जाडीत सर्वांत जास्त धरतो, पण शोषायला सावकाश.

> सावधान: मायक्रोफायबर कधीही थेट त्वचेला लावू नका. तो त्वचेतली ओलही खेचतो आणि चट्टे उठतात. तो नेहमी खिशात किंवा दुसऱ्या कापडाखाली.

आणि आपला साधा सुती पंचा! चांगला शंभर टक्के सुती पंचा कापून साधारण ७० सेंटिमीटरचे चौकोन करा आणि कडा दुमडून शिवून घ्या. एकदा अर्ध्यात घडी घाला, पुन्हा अर्ध्यात, आता ३५ बाय ३५ चा चौकोन होईल. त्याच्या तीन पट्ट्या एकमेकींवर दुमडल्या की ३५ बाय १२ सेंटिमीटरचा १२ थरांचा इन्सर्ट तयार. धुताना तो उलगडतो, त्यामुळे आतपर्यंत साबण जातो आणि भर पावसातही पंख्याखाली वाळतो. पंचा घेताना दुकानातच त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. कोरा सुती पंचाही खळीमुळे थेंब लगेच शोषत नाही, पण पॉलिस्टर मिसळलेल्यावर तो घरंगळून खाली जातो.

संख्येचा अंदाज असा. नवजात बाळाला दिवसाला १० ते १२ नॅपी लागतात, तीन ते सहा महिन्यांत ८ ते १०, त्यानंतर ६ ते ८. एक दिवसाआड धुणार असाल तर दोन दिवसांच्या नॅपी अधिक वाळत असलेल्या, असा हिशेब धरा. सहा महिन्यांच्या बाळाला १८ ते २० संच पुरतात. कव्हरं वेगळी असतील तर ती ७-८ बस, कारण शी लागली नसेल तर कव्हर पुसून, हवेवर टांगून त्याच दिवशी पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यासाठी इन्सर्ट दीडपट ठेवा, कव्हरं वाढवू नका.

नवजात बाळासाठी 'वन साइज' नॅपी घेण्याची चूक फार होते. या नॅपी बहुधा पाच किलोपासून पुढे नीट बसतात. अडीच-तीन किलोच्या बाळाच्या मांडीशी त्यांत फट राहते आणि सगळं बाहेर येतं. पहिले दोन-अडीच महिने साधे लंगोट, किंवा लंगोट आणि छोटं नवजात कव्हर. नाळ गळेपर्यंत पुढची कड नाळेखाली दुमडा. सुरुवातीची काळी चिकट शी लंगोटावरच निभावून न्या.

आधी किती घ्याल? सहाच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉकेट प्रत्येकी दोन, आणि दोन कव्हरं पंचांसकट. कुणाच्या बाळाच्या मांड्या गुबगुबीत, कुणाच्या काटक्या. मैत्रिणीला जी बसली ती तुम्हाला बसेलच असं नाही. उरलेली खरेदी पंधरा दिवसांनी.

## ३. वापराआधीची धुलाई

नवीन सुती, बांबू आणि हेम्प कापडात नैसर्गिक तेल किंवा गिरणीची खळ असते. पहिल्या दिवशी ते पाणी अक्षरशः झिडकारतं. 'पहिल्याच वेळी गळली' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

१. कव्हरं आणि मायक्रोफायबर एकदा साध्या पाण्यात थोडी पावडर घालून धुवा. एवढं पुरे.

२. सुती, बांबू, हेम्प इन्सर्ट रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी पाणी पिवळसर झालेलं दिसेल. ते फेका.

३. गरम पाण्यात (६० अंश) पावडर घालून धुवा, वाळवा. असं पाच-सहा वेळा. दर वेळी पूर्ण वाळायलाच हवं असं नाही. यासाठी वेगळी मशीन लावू नका, घरच्या चादरी-टॉवेलांबरोबर टाका.

४. पहिल्या दोन धुलाया सुती इन्सर्ट कव्हरांपासून वेगळे ठेवा, नाहीतर त्यांचं तेल कव्हरच्या आतल्या कापडाला बसतं.

> तपासा: वाळलेल्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओता. लगेच आत गेलं तर तयार. थेंब गोळा होऊन बसला तर आणखी दोन धुलाया.

तिसऱ्या-चौथ्या धुलाईनंतर कापड आकसून फुगीर दिसेल. ते अपेक्षितच आहे. पंचाचे चौकोन कापताना म्हणूनच पाच सेंटिमीटर जास्त धरावेत.

## ४. नॅपी घालण्याची पद्धत

डायपर जसा कमरेवर ओढून पट्ट्या आवळतो तसं इथे चालत नाही. कापडी नॅपी मांड्यांच्या जांघेत बसते. आपल्या चड्डीची कड जिथे येते, तिथेच तिचं इलॅस्टिक हवं. मांडीच्या मधोमध आलं तर बाळ पाय हलवताच फट पडते.

पुढची टिचबटणं आधी उंचीप्रमाणे लावा. बाळाला उताणं झोपवून मागची कड कमरेच्या रेषेत ठेवा, पुढचा भाग दोन पायांमधून किंचित चिमटून वर घ्या, मग बाजूची बटणं. आता बोट फिरवून दोन्ही जांघांत इलॅस्टिक नीट बसवा. लोक विसरतात ते हेच. शेवटी इन्सर्टचं एखादं टोक बाहेर डोकावत नाही ना, ते पाहा. कापडाचा सुताएवढा तुकडा बाहेर राहिला तरी तो वातीसारखा ओल खेचतो आणि झबलं भिजवतो.

पोटाशी दोन बोटं सहज जावीत. बाळ बसल्यावर मांडीवर फिकट लाल रेघ उठणं मोज्याच्या खुणेसारखंच, तासाभरात जाते. खोल वळ, किंवा दुसऱ्या बदलापर्यंत टिकणारी खूण दिसली तर एक बटण सैल करा.

मुलाच्या नॅपीत जास्तीचं कापड पुढच्या बाजूला दुमडा, मुलीच्या मध्यावर. पालथं झोपणाऱ्या बाळाला दोघांनाही पुढे. कपडे एक माप मोठे लागतील. घट्ट लेगिंग्ज आणि बॉडीसूट नॅपी दाबतात आणि दोष नॅपीला मिळतो.

## ५. डायपर कधी आणि कुठे सोडायचा

हा क्रम उलटा केला की माणसं हार मानतात.

पहिला आठवडा: फक्त घरी, सकाळी अंघोळीनंतर ते दुपारपर्यंत. दर दोन तासांनी बदला, ओली लागो न लागो. डायपरमधला जेल शू बांधून ठेवतो, कापड तसं करत नाही, म्हणून दोन ते तीन तासांपुढे जाऊ नका. हा आठवडा तुमच्या शिकण्याचा.

दुसरा आठवडा: संपूर्ण दिवस आणि दुपारची झोप. आतापर्यंत किती धुणं पडतं ते कळलं असेल. उरलेली खरेदी आता करा.

तिसरा-चौथा आठवडा: बाहेर जाताना. दर दोन तासांना एक अधिक एक जादा, एवढ्या नॅपी घ्या, आणि वापरलेल्यांसाठी पीयूएलची चेनची पिशवी. एसटीच्या लांबच्या प्रवासाला, लग्नघरात किंवा दवाखान्यात असताना डायपर वापरला म्हणून बिघडत नाही. ते डायपर शीचा भाग संडासात टाकून, कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्या. कचरावेचकांना समजावं म्हणून पुड्यावर लाल ठिपका काढायची पुण्यातली पद्धत चांगली आहे.

पाळणाघरात देताना नॅपी भरून, बटणं उंचीप्रमाणे लावून द्या आणि तिथल्या ताईंना एकदा घालून दाखवा. त्यांना धुवायला सांगू नका. तशीच पिशवीत टाकून परत द्या म्हणावं.

पाचव्या आठवड्यापासून: रात्र. त्याबद्दल पुढे.

> तपासा: पहिल्या आठवड्यानंतरच्या कोणत्याही बाळाची २४ तासांत किमान सहा वेळा शू व्हायला हवी. कापडात हे मोजणं सोपं असतं. नॅपी वारंवार कोरडी निघू लागली तर ती नॅपीची तक्रार नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

## ६. काढलेली नॅपी धुण्यापर्यंत

केवळ आईच्या दुधावरचं बाळ असेल तर शी पाण्यात सहज विरघळते. जेटखाली धरून धुतली की झालं. वरचं अन्न सुरू झालं की आधी घट्ट भाग संडासात टाका, मग जेटने उरलेलं काढा. आपल्याकडे संडासात जेट असतोच, त्यामुळे यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. जेट वरून खाली, उतरत्या कोनात मारा. समोरून मारलात तर शिंतोडे भिंतीवर.

पॉकेटमधून इन्सर्ट लगेच बाहेर काढा. मग सगळं जाळीच्या टोपलीत किंवा भोकांच्या बास्केटमध्ये, झाकण न लावता ठेवा. हवा लागली की वास कमी येतो, झाकलं की वाढतो. ऐकायला उलटं वाटतं, पण करून पाहा.

बादलीत भिजत ठेवायची जुनी सवय मोडा. दोन दिवस शूच्या पाण्यात भिजलेल्या कव्हरचं इलॅस्टिक सैल पडतं, पीयूएलचा थर सुटतो आणि त्या पाण्यात जंतू वाढतात ते वेगळेच.

> सावधान: रांगत्या बाळाच्या घरात पाण्याची उघडी बादली नकोच. काही सेंटिमीटर पाण्यातही बाळ बुडू शकतं.

दोन दिवसांत धुवा, तीनच्या पुढे कधीही नाही. रात्रीची नॅपी मात्र सकाळी काढल्या काढल्या वाहत्या पाण्याखाली धरून दाबून काढा. रात्रभरची शू तीव्र असते आणि अमोनियाचा वास तिथूनच घर करतो.

## ७. धुणं

नॅपी म्हणजे घरातलं सर्वांत मळकं धुणं. पण 'बाळाचं आहे' म्हणून आपण त्यालाच सर्वांत सौम्य साबण, तोही चमचाभर वापरतो. रिठ्याचं पाणी किंवा बाळाच्या झबल्यांचं सुगंधी लिक्विड झबल्यांनाच पुरतं. शू मुरलेल्या बारा थरांना नाही. साधी, कपड्यांची, एन्झाइम असलेली पावडर चालते. पावडर व्यवस्थित खळबळून निघाली की ती बाळाला त्रास देत नाही. त्रास देतो तो आत राहिलेला मळ. साबणाची वडी मात्र जड पाण्यात नकोच. तिचा क्षारांशी संयोग होऊन चिकट साय तयार होते आणि ती धाग्यांवर बसते.

१. पहिली फेरी, लहान. साधं किंवा कोमट पाणी, २० ते ३० मिनिटं, पावडरचं अर्धं माप. याने शू आणि शीचा अंश निघतो. हे पाणी पूर्ण काढून टाका. अनेक जण ही फेरी गाळतात आणि मग मुख्य धुणं घाण पाण्यातच होतं.

२. मुख्य फेरी, लांब. पाकिटावर 'जास्त मळलेले कपडे' म्हणून दिलेलं पूर्ण माप. इन्सर्ट आणि लंगोटांना ६० अंश. कव्हरांना त्यांच्या लेबलवर लिहिलेलं तापमान, बऱ्याच ठिकाणी ते ४० अंश असतं. तसं असेल तर कव्हरं पहिल्या फेरीनंतर बाहेर काढून हाताने धुवा.

३. खळबळणं. एक किंवा दोन वेळा. शेवटच्या पाण्यात साबणाचा बुळबुळीतपणा जाणवता कामा नये.

जड पाणी असेल तर दोन्ही फेऱ्यांत धुण्याचा सोडा घाला. बादलीभर पाण्याला एक मोठा चमचा इथून सुरुवात करा आणि वास-मऊपणा पाहून वाढवा. हा सोडा, म्हणजे वॉशिंग सोडा, खाण्याच्या सोड्याहून वेगळा. हात लावताना हातमोजे घाला आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

मशीनच्या प्रकाराने थोडा फरक पडतो. फ्रंट लोडचा ड्रम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेला हवा. कमी भरला तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, नुसते पडत राहतात. कमी वाटलं तर मुख्य फेरीत बाळाची झबली, नॅपकिन टाका. टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाण्याची पातळी आपल्या हातात असते आणि तिथेच चूक होते. पाणी दाट रश्शासारखं हवं: फोडी एकमेकींना लागल्या पाहिजेत. पातळ सारात तरंगणाऱ्या कोथिंबिरीसारख्या नॅपी फिरत असतील तर पाणी जास्त झालं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये मुख्य फेरीसाठी पंधरा मिनिटांचा टायमर दोनदा लावा आणि गरम पाणी बाहेरून ओता.

हाताने धुणार असाल तर टबात गरम पाणी-पावडर घालून अर्धा तास ठेवा, मग हातांनी दाबत, चुबकत दहा मिनिटं. इन्सर्ट पिळलेले चालतात. कव्हर फक्त दोन तळव्यांत दाबून पाणी काढायचं.

हे अजिबात नको: फॅब्रिक सॉफ्टनर, कारण तो धाग्यावर मेणासारखा थर देतो आणि कापड ओल घेईनासं होतं. रोजच्या धुण्यात जंतुनाशक लिक्विड. व्हिनेगर, त्याने इलॅस्टिक कमजोर होतं. पांढऱ्या कपड्यांची नीळ. टॉयलेट क्लीनरचं नाव तर काढूच नका, ब्लीचशी संपर्क आला तर विषारी वायू तयार होतो.

## ८. वाळवणं आणि पावसाळा

इन्सर्ट कडक उन्हात. पिवळे डाग तिथेच जातात, विशेषतः ओले असतानाच उन्हात टाकले तर. डाग म्हणजे अस्वच्छता नव्हे, त्यामुळे एखादा राहिला तर जीव टाकू नका. कव्हरं मात्र सावलीत, हवेवर. एप्रिल-मेच्या विदर्भातल्या उन्हात रोज तासन्‌तास ठेवलेलं पीयूएल कडक होऊन तडकतं. कव्हर दोरीवर आडवं, दोन्ही बाजूंना वजन सारखं येईल असं टाका. इलॅस्टिकला चिमटा लावून ओला भार लोंबकळत ठेवला की ते ताणून सैल होतं.

जून ते सप्टेंबरसाठी वेगळी शिस्त लागते:

- दिवसाआड ऐवजी रोज धुवा. ढीग लहान, वाळायची शक्यता जास्त.
- स्पिन दोनदा लावा. पंख्याचं बरंच काम दुसरं स्पिन करतं.
- छताच्या स्टँडवर एक दांडी सोडून एक भरा आणि खाली टेबल फॅन तिरका लावा.
- सुती लंगोट आणि पंचे थोडे दमट असतील तर इस्त्री फिरवा. मायक्रोफायबरला आणि पीयूएलला इस्त्री कधीच नाही.
- निखाऱ्यावर टोपली पालथी घालून लंगोट सुकवायची जुनी रीत बंद खोलीत करू नका, आणि कव्हरसाठी तर मुळीच नाही.

> तपासा: इन्सर्ट वाळला का ते मधला भाग गालाला लावून पाहा. थंड लागला तर अजून ओल आहे. दमट नॅपी कपाटात गेली की आठवड्यात काळे ठिपके. ती बुरशी असते आणि सहसा निघत नाही.

## ९. रात्र

दिवसाची व्यवस्था महिनाभर बिनतक्रार चालली की मगच. फिटेड नॅपी किंवा मोठी पॉकेट घ्या. वर, त्वचेच्या बाजूला पटकन शोषणारं कापड, त्याखाली हेम्प. उलटं ठेवलं तर हेम्प शोषेपर्यंत शू बाजूने निघून जाते. दोन हेम्पचे थर आणि एक पंचा एवढं बहुतेक बाळांना पुरतं. बाळाच्या त्वचेवर कोरडा राहणारा फ्लीसचा (मऊ पॉलिस्टर कापडाचा) पट्टा टाका.

झोपवण्याच्या अगदी आधी बदला, जेवणाआधी नव्हे. मध्यरात्री दुधासाठी उठलंच तर एकदा हात लावून पाहा. शी झाली असेल तर झोपमोड झाली तरी लगेच बदलायचं. दहा-बारा तास जमलं नाही तर रात्रीला डायपर ठेवा, दिवस कापडावर. कित्येक घरं कायम असंच करतात आणि ते चांगलं चालतं.

## १०. बिघाड कुठे आहे ते ओळखा

घातल्यावर अर्ध्या तासात, मांडीतून गळते, इन्सर्ट बराचसा कोरडा: बसवण्यात चूक, किंवा इन्सर्ट नीट तयार झालेला नाही. चमचाभर पाण्याची चाचणी पुन्हा करा. इन्सर्ट पाणी घेतो पण आतलं अस्तर घेत नाही, असं दिसलं तर लालीसाठी लावलेल्या क्रीमचा थर बसलाय.

दोन तासांनी गळते, इन्सर्ट चिंब: कापड कमी पडतंय. एक पंचा वाढवा किंवा लवकर बदला.

बसल्यावर किंवा कडेवर घेतल्यावरच गळते: मायक्रोफायबर दाबला जातोय. सुतीवर या.

मशीनमधून काढतानाच वास येतो: नीट धुतलं जात नाही. पावडर वाढवा, पहिल्या फेरीचं पाणी पूर्ण जातंय का पाहा.

धुतल्यावर वास नाही, पण शू होताच डोळ्यांत झोंबतो: आत मळ आणि क्षार साठलेत. फक्त इन्सर्ट गरम पाण्यात पूर्ण मापाची पावडर आणि दुप्पट सोडा घालून चार-पाच तास ठेवा, पाणी गढूळ होईल. मग पावडर न घालता एक पूर्ण गरम फेरी आणि भरपूर खळबळणं. हा उपाय कारण दुरुस्त केल्याशिवाय केला तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

इन्सर्ट पापडासारखा कडक: जड पाणी. वाळल्यावर हातांत चुरगाळून मऊ झाला तर ठीक, नाहीतर सोडा वाढवा.

लाली: आधी बदलण्याची वेळ कमी करा, रोज थोडा वेळ नॅपीशिवाय मोकळं ठेवा. पावडर भुरभुरू नका, ओलीत तिचे गोळे होतात आणि उडालेली भुकटी श्वासात जाते. झिंक ऑक्साइडचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावणार असाल तर वर मलमलीची पट्टी टाका, म्हणजे थर नॅपीला बसणार नाही. लाली सांध्यांच्या घड्यांत शिरली असेल आणि कडेने बारीक लाल पुटकुळ्या असतील तर ती बुरशीची असू शकते. डॉक्टरांना दाखवा. घरात पडलेली खाज-गजकर्णाची ट्यूब मात्र लावू नका, अशा बऱ्याच ट्यूबांत तीव्र स्टिरॉइड असतं.

बुरशीचं निदान झालं तरच ब्लीच वापरा. धुतलेल्या इन्सर्टसाठी १० लिटर थंड पाण्यात चार टक्के तीव्रतेचं साधं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर, तीस मिनिटं. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. नंतर पावडरची एक पूर्ण फेरी आणि दोनदा खळबळणं. रंगीत कापडाचा रंग जाईल हे धरून चाला. उपचार चालू असेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी हे करा, आणि तेवढे दिवस क्रीम लावायचं असल्याने जुने मलमलचे लंगोट वापरले तर नव्या नॅपी वाचतात.